‘पुलावरचा पाहुणा’ची कापलेली पानं

१

सोमवारी अकराच्या सुमारास अफरीनने माझ्या टेबलावर पुस्तक आपटलं आणि विचारलं, "मॅडम, शेवट कुठे आहे?"

मी तेव्हा पावती पुस्तकाचा कार्बन शोधत होते. म्हटलं, "पुस्तकाचा शेवट पुस्तकाच्या शेवटी असतो."

"तिथे नाहीये."

खरंच नव्हता. दोनशे दहाव्या पानानंतर एकदम मलपृष्ठ. मधली आठ पानं कोणीतरी कापून नेली होती. फाडलेली नाहीत, कापलेली. सोळा पृष्ठं, म्हणजे अख्खं शेवटचं प्रकरण.

भुसावळच्या या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तकात विडीचं थोटूक सापडलेलं आहे, मेथीची भाजी सापडलेली आहे, एकदा तर लग्नाला नकार दिल्याची चिठ्ठी सापडली होती. पण हे पुस्तक आणि हा आठवडा! माझं डोकंच सणकलं.

कारण येत्या रविवारी वाचक मेळावा होता. आमचे अध्यक्ष नवलभाऊ यांच्या मनात आलं की यंदा आपल्या गावावरच्या कादंबरीवर चर्चा ठेवायची. गावावरची कादंबरी एकच, ‘पुलावरचा पाहुणा’. चौऱ्याण्णव साली जळगावच्या एका प्रकाशकाने काढलेली. प्रकाशन कधीच बंद पडलं. लेखिकेचं नाव नुसतंच ‘शर्वरी’. ती कोण, कुठली, कोणालाच माहीत नाही.

कादंबरी आहे व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. तापीवर रेल्वेचा पूल बांधायचं काम चालू आहे. इंग्रज इंजिनियरची बहीण एलिनोर विलायतेहून भावाकडे येते. रोज दिवेलागणीला तिला पुलावर एक माणूस भेटतो, यशवंत मुकादम. तो गेला की फळ्यांवर ओली पावलं उरतात. ती त्याच्या प्रेमात पडते आणि मग तिला कळतं की यशवंत चार महिन्यांपूर्वीच पुलावरून पडून मेलाय. पडला की कोणी ढकलला? संशय चौघांवर. उत्तर शेवटच्या प्रकरणात.

रविवारी ते शेवटचं प्रकरण अफरीन स्टेजवरून वाचणार होती. मुलगी कॉलेजच्या नाटकांत बक्षिसं मिळवलेली, आवाज खणखणीत. हौसेने तिने निळा ड्रेस शिवायला टाकला होता. तिचे आजोबा गफूरचाचा पहिल्या रांगेत बसणार होते.

मी नवलभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "रूपाताई, पत्रिका छापून झाल्यात. बघा काय ते."

बघा काय ते! सव्वीस वर्षं हे एकच वाक्य ऐकतेय मी.

२

नोंदवही काढली. मेळावा जाहीर झाल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांत, पुस्तक तिघांनीच घरी नेलं होतं. आधी ताईबाई, मग प्रेमराज महाजन, मग अफरीन. मेळावा ठरला त्या दिवशी मी स्वतः पुस्तक तपासलं होतं. पानं पूर्ण होती. म्हणजे तिघांपैकीच कोणीतरी.

ताईबाई सत्तरीच्या. आठवड्याला चार कादंबऱ्या वाचतात. एकदा मुखपृष्ठावरच्या बाईचा पदर ढळलेला म्हणून त्यांनी तिच्यावर कॅलेंडरचा कागद चिकटवून पुस्तक परत केलं होतं. तेव्हा पहिला संशय त्यांच्यावरच. दुपारी त्या आल्या तसं मी विचारलं.

"शेवट ना? होता की. मी शेवट आधी वाचते," त्या म्हणाल्या. "कोण मरतं ते कळलं की मग जीव टांगणीला नाही लागत."

"मग खुनी कोण होता?"

"तो डॉक्टर."

"ताईबाई, यात डॉक्टर नाहीये."

"मग ती मोठी जाऊ."

"यात जाऊ पण नाहीये!"

"मग मी दुसरं वाचलं असेल बाई," असं म्हणून त्यांनी पिशवीतून चष्मा काढला आणि नवी पुस्तकं बघायला लागल्या. मी कपाळावर हात मारला. पण एक गोष्ट खरी, ज्यांना शेवट काय होता तेच आठवत नाही, त्या तो कापून कशाला नेतील?

प्रेमराजभाऊ रोज चारला पेपर वाचायला येतात. रेल्वेतून गेल्या वर्षी रिटायर झालेले, एकटे राहतात. दरवर्षी आपल्या थोरल्या भावाच्या नावाने एक पुस्तक भेट देतात. त्या पुस्तकांवर ‘कै. झुलाल सुकदेव महाजन यांच्या स्मरणार्थ’ असा शिक्का असतो. एवढं सोडलं तर हा माणूस म्हणजे माझ्या कामाला लागलेलं ग्रहण. आमच्या सूचना वहीतली निम्मी पानं त्यांची. पंखा हळू फिरतो. पंखा जोरात फिरतो. पेपर उशिरा येतो. दाराजवळची ट्यूब लुकलुकते.

"प्रेमराजभाऊ, ‘पुलावरचा पाहुणा’ तुम्ही नेलं होतं. शेवटची पानं होती का?"

त्यांनी पेपर खाली केला नाही. "मी शेवटपर्यंत गेलोच नाही. कंटाळवाणं पुस्तक आहे. लिहिणाऱ्याला अक्कल कमी."

"अहो, पण पानं होती की नव्हती?"

"बघितलं नाही, म्हटलं ना!" ते एवढ्या जोरात बोलले की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी चार डोकी वर झाली.

राहिली अफरीन. पण स्वतःच्याच कार्यक्रमाची पानं कोण कापेल?

३

बुधवारी गफूरचाचा आले. तेही रेल्वेतलेच, पण रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. वडिलांचा बाइंडिंगचा धंदा घरी होता, तो त्यांनी पुन्हा धरला. वाचनालयाची फाटकी पुस्तकं तेच बांधून देतात. डाव्या पायाने अधू आहेत. गठ्ठा रिक्षात घालून आणतात आणि दोन पायऱ्या चढायला मिनिटभर घेतात.

मी त्यांच्यापुढे पुस्तक ठेवलं. "चाचा, हे बघा. निदान शिवण तरी सैल होऊ नये, असं काहीतरी करा."

त्यांनी कापलेल्या जागी अंगठा फिरवला. "नवं ब्लेड. खाली पट्टी धरून कापलंय. आणि हे बघा, आतल्या बाजूला बोटभर कागद सोडलाय. पूर्ण कापला असता तर जोडीची पानं सुटून आली असती. कापणाऱ्याला पुस्तकाची माया दिसते."

"माया! मला भेटू दे, दाखवते त्याला माया."

ते हसले आणि सवयीने पानं चाळायला लागले. मधेच एका पानावर थांबले. डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"हे मी बांधणार नाही."

"का?"

"नाही बांधणार, ताई. दुसऱ्याला द्या."

बाकीची पुस्तकंही तशीच ठेवून ते निघाले. वीस वर्षांत या माणसाने मला कशाला नाही म्हटलं नव्हतं. मी मागून हाका मारत राहिले. त्यांनी वळून पाहिलं नाही.

आता हेच बाकी होतं. मेळाव्याला चार दिवस, शेवट गायब आणि बाइंडर रुसलेला.

मी फोन घेऊन बसले. दुसऱ्या वाचनालयात प्रत असेलच. जळगावला लावला. होती. पण तिथल्या बाईंनी कपाटातून काढून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, हिची शेवटची पानं नाहीत." रावेरला लावला. तिथेही नाहीत. धुळ्याला लावला. तिथल्या ग्रंथपालांनी माझ्यावरच आवाज चढवला, जणू मीच ब्लेड घेऊन हिंडतेय. त्यांच्या प्रतीची पण आठ पानं गेली होती.

मी फोन खाली ठेवला. भुसावळचा कोणी खोडसाळ वाचक हे करत नव्हता. कोणीतरी गावोगाव फिरून हे प्रकरण जगातून नाहीसं करत होतं.

४

गुरुवारी सकाळी भडगावचा नंबर मिळाला. तिथले वना अहिरे गेली काही वर्षं मला दर दिवाळीला शुभेच्छा पाठवतात. मी कधी उत्तर देत नाही, त्याची त्या दिवशी लाज वाटली.

"आहे आपल्याकडे," ते म्हणाले. "थांबा, बघून येतो." मी फोन कानाला धरून उभी. "पूर्ण आहे, ताई. दोनशे सव्वीस पानं. फोटो काढून पाठवू?"

"वनाभाऊ, तुमचे उपकार कुठे फेडू!"

अर्ध्या तासात मोबाइलवर सोळा फोटो आले. मी वाचायला बसले. दारात दोन सभासद उभे होते, त्यांना म्हटलं, थांबा.

शेवटचं प्रकरण असं होतं. पुलाच्या उद्घाटनाला गोरे साहेब, फौजदार, मजूर सगळे जमलेत. गर्दीतून ओल्या पावलांनी यशवंत येतो. या वेळी तो फक्त एलिनोरला नाही, सगळ्यांना दिसतो. तो दिवे लावणाऱ्या डिकॉस्टाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "मला यानं ढकललं. माझा दोस्त होता हा." डिकॉस्टा पळायला जातो, पण त्याचा डावा पाय लंगडा. झटापटीत यशवंतनेच तो मोडलेला असतो.

डावा पाय.

माझ्या डोळ्यांपुढे आमच्या दोन पायऱ्या आल्या.

मी आमची प्रत पुन्हा उघडली आणि पहिल्यापासून एकेक पान नीट बघितलं. कोणीतरी पेन्सिलीने शब्द खोडले होते. पान एक्केचाळीस, ‘लंगडत’ खोडलेलं. पान सत्त्याहत्तर, डिकॉस्टा सुपारी कातरून आधी समोरच्याला देतो, ती अख्खी ओळ खोडलेली. बोलताना डावा कान चोळायची लकब खोडलेली. अशा चौदा जागा. सगळ्या डिकॉस्टाच्याच. आणि त्यातली एकेक खूण मी वीस वर्षं माझ्या टेबलासमोर बघितली होती. सुपारीसुद्धा. पहिली खांड मलाच मिळायची.

डिकॉस्टा म्हणजे गफूरचाचा होते. कोणीतरी छापील पुस्तकात त्यांना खुनी केलं होतं आणि रविवारी त्यांचीच नात ते स्टेजवरून वाचणार होती.

मग पानं कापली कोणी? चाचांनी? की अफरीनने?

५

अफरीनला बोलावून घेतलं. फोटो दाखवले नाहीत. सहज विचारल्यासारखं केलं, "तुझ्या आजोबांच्या पायाला काय झालं गं?"

"पुलावर काम करायचे ना ते, तेव्हाचं. त्र्याऐंशी साली एक जण वरून पडला, त्याला काढायला हे खांबावरून खाली उतरले आणि खडकावर आपटले. तो माणूस काही वाचला नाही."

"कोण होता?"

"दोस्त होता त्यांचा. झुलाल."

मी तिला ड्रेस तयार झाला का विचारून वाटेला लावलं. मग दार लोटून घेतलं आणि टेबलावर चार वस्तू मांडल्या. कादंबरी, नोंदवही, सूचना वही आणि झुलाल महाजनांच्या शिक्क्याचं एक पुस्तक.

जळगाव, रावेर, धुळे, भुसावळ, चारही गावांना रेल्वे स्टेशन आहे. भडगावला गाडी जात नाही. काजगावला उतरून पुढे बस धरावी लागते. पानं कापणारा बस टाळत होता. गफूरचाचांना तर रिक्षात चढताना हात द्यावा लागतो, ते चार गावं कुठून हिंडणार?

सूचना वही उघडली. फेब्रुवारीत नवलभाऊंनी वाचनालयाची सहल ठरवली होती, त्याच्याखाली तक्रार : ‘सहल रेल्वेने न्यावी. मला बस लागते. प्रे. सु. महाजन.’

पुढे गेले. ज्या दिवशी त्यांनी ‘पुलावरचा पाहुणा’ परत केलं, त्याच तारखेला त्यांची तक्रार होती. ट्यूब लुकलुकते म्हणून. ट्यूबसाठी पाच ओळी लिहिणारा माणूस, हातात आलेल्या पुस्तकाची पानं गेलीत की आहेत ते बघत नाही? मी त्यांना सव्वीस वर्षं ओळखते. चुरगळलेल्या कोपऱ्यावरूनसुद्धा त्यांनी मला ऐकवलेलं आहे.

तरी एक अडत होतं. गफूरचाचांची बदनामी पुसायची धडपड प्रेमराजभाऊंनी का करावी? या दोघांना मी कधी एकमेकांशी बोलताना पाहिलं नव्हतं. एक आला की दुसरा पेपरमागे जायचा.

मग मला त्रेसष्ठावं पान सापडलं. बुधवारी चाचा जिथे थांबले होते ते बहुतेक हेच. छापणाऱ्याने तिथे एक ओळच गाळली होती. छापील मजकूर असा : ‘यशवंतने कठड्यावर हात ठेवले आणि म्हणून एलिनोर हसली.’ काही अर्थच लागत नाही. पण दोन ओळींच्या मधल्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : ‘तापीबाई, जेवलीस का, असं नदीला वाकून विचारलं,’

आता वाक्य नीट लागत होतं.

मी सूचना वही त्या पानाशेजारी धरली. जुन्या वळणाचा ‘अ’, ‘ल’ची तीच शेपटी. पण अक्षर जुळलं नसतं तरी चाललं असतं. शब्द खोडायला कोणीही खोडेल. शुद्धलेखन कोणीही सुधारेल. पण छपाईत हरवलेली, कुठल्याच प्रतीत नसलेली ओळ कोणाला ठाऊक असेल? ज्याने ती लिहिली त्याला. पुस्तक पुसायला बसलेल्या माणसाला एकतीस वर्षांपूर्वीची चूक दिसली आणि त्याला राहवलं नाही.

‘लिहिणाऱ्याला अक्कल कमी’ असं तो माणूस स्वतःबद्दल बोलला होता.

६

चार वाजता प्रेमराजभाऊ आले. मी पेपर त्यांच्या हातून काढून घेतला आणि ऑफिसात बसवलं.

"शर्वरीबाई," मी म्हटलं, "पानं कुठे आहेत?"

त्यांनी शबनम पिशवीतून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं. चारही प्रतींची पानं होती, घडीसुद्धा न घातलेली.

"जाळणार होतो. हात झाला नाही."

"आणि चार गावच्या ग्रंथपालांना घोर लावताना बरा झाला? धुळ्याच्या माणसाने मला चोर ठरवलं, माहितीये?"

"बोला. मी ऐकून घेतो."

माझा संताप तसाच होता, पण त्यांचा चेहरा बघून आवाज खाली आला. ते सांगत गेले.

झुलाल त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आई-बाप नव्हते, त्यानेच वाढवलं. तो पडला तेव्हा प्रेमराज एकोणीस वर्षांचा. आदल्या दिवशी गफूर आणि झुलाल यांची मारामारी झाली होती, ते पुलावर काम करणाऱ्या अख्ख्या गँगने पाहिलं होतं. पुलावर त्या वेळी तिघेच, झुलाल, गफूर आणि गँगमधलाच तोताराम. गफूरचा पाय मोडलेला. एकोणीस वर्षांच्या पोराने दोन आणि दोन जोडले.

"चौकशीत अपघात म्हणून निकाल आला. भावाच्या जागी मला नोकरी लागली. पण डोक्यातून जाईना. कोणाला सांगणार? पुरावा नाही. मग लिहिलं. इंग्रजांच्या काळात नेऊन ठेवलं, बाईचं नाव लावलं. सगळं बदललं, फक्त गफूर नाही बदलला. त्याने वाचावं, त्याला कळावं, एवढंच पाहिजे होतं मला."

"आणि आता?"

"श्रावणात तोताराम गेला. जायच्या आधी त्याने बोलावून घेतलं. म्हणाला, झुलाल त्या दिवशी पिऊन आला होता. आदल्या दिवशीची मारामारी त्यावरूनच. गफूरने त्याची बाटली फोडली होती. झुलाल आपला आपण घसरला. ड्यूटीवर प्यायलेला होता हे कागदावर आलं असतं तर मला नोकरी लागली नसती. म्हणून गफूरने चौकशीत शपथेवर सांगितलं, झुलाल प्यायला नव्हता. तोतारामलाही तेच सांगायला लावलं." त्यांनी चष्मा काढला. "त्यानं माझ्यासाठी खोटी साक्ष दिली, रूपाताई. आणि मी माझ्या मेलेल्या भावाच्या तोंडून त्याच्याविरुद्ध खोटी साक्ष छापली. आता त्याचीच नात ती वाचणार होती."

"मग जाऊन माफी मागायची! ब्लेड घेऊन कसले हिंडता?"

"त्यानं वाचलंच नसेल तर? मीच जाऊन त्याला सांगू, की मी तुला असं असं केलं?"

"वाचलंय," दारातून आवाज आला.

गफूरचाचा उभे होते. बुधवारी टाकून गेलेली पुस्तकं न्यायला आले असावेत. किती वेळ उभे होते कोण जाणे.

७

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"पंच्याण्णव साली घरी वडिलांकडे बांधायला आलं होतं. मी बांधायच्या आधी वाचतो, ताईंना माहितीये. पाय माझा, सुपारी माझी, कान माझा. मी ओळखलं." ते प्रेमराजभाऊंकडे बघतही नव्हते. "लिहिणारा कोण, ते नाही ओळखलं. बाईचं नाव. तीस वर्षं मी या गावात फिरलो. बाजारात, मशिदीत, लग्नांत. प्रत्येकाकडे बघायचो. हा का? ही का? माझ्याकडे बघून कोण मनात खुनी म्हणतंय? शिवणकाम करणाऱ्या बाईवर संशय घेतला मी. डॉक्टरवर घेतला. तुझ्यावर नाही घेतला. तू बोलत नव्हतास. मला वाटलं, भाऊ गेला, पोरगं दुखावलंय."

प्रेमराजभाऊ उठायला गेले. चाचांनी हात वर करून त्यांना बसवलं.

"काल तापीबाई वाचलं. नदीला जेवण विचारणारा माणूस एकच होता. पुलावर चढला की रोज विचारायचा. मी ऐकलेलं, तोतारामने ऐकलेलं आणि तू."

"गफूरभाई, चुकलो मी. ती पानं आता कुठेच नाहीत. भडगावचीही आणतो मी..."

"कोणी सांगितलं तुला कापायला?" चाचांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला विचारलंस? तीस वर्षं ते छापलेलं होतं आणि मी त्याच्यासोबत राहिलो. आता तुला लाज वाटली म्हणून ते गुपचूप गायब करायचं, आणि मी काय समजायचं? फिटलं?"

बाहेर कोणीतरी पुस्तक बदलायला टेबल ठोकत होतं. मी ओरडले, "थांबा हो जरा!"

"पानं इकडे दे," चाचा म्हणाले. "चारही प्रतींना मी परत लावून देतो. आणि रविवारी अफरीन नाही वाचणार. तू वाचशील, सगळ्यांसमोर. वाचून झाल्यावर हे कोणी लिहिलं ते सांगायचं, आणि खरं काय तेही. झुलालच्या दारूचं सोडून दे. मेलेल्या माणसाला कशाला उघडं पाडायचं? घसरला, एवढंच सांग."

पाकीट काखेत मारून ते निघाले. दोन पायऱ्या उतरायला त्यांना मिनिटभर लागलं, आणि या वेळी प्रेमराजभाऊ पेपरमागे न लपता बघत उभे राहिले.

अफरीनला सगळं चाचांनीच सांगितलं. ती शनिवारी येऊन माझ्यासमोर रडली, मग म्हणाली की तो माणूस वाचणार असेल तर मी येणार नाही. नवलभाऊंनी फोनवर विचारलं, पत्रिकेत नाव अफरीनचं, वाचणार प्रेमराज, हे कसं चालेल? मी म्हटलं, न चालायला काय झालं? आणि फोन ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा.

रविवारी चार वाजता हॉल भरला होता. अफरीन आली, निळा ड्रेस घालून, आणि आजोबांच्या शेजारी हाताची घडी घालून बसली. प्रेमराजभाऊ उभे राहिले. पहिली दोन पानं त्यांचा आवाजच फुटेना. मागून कोणीतरी ‘मोठ्यानं’ म्हणून ओरडलं. मग ते वाचत गेले. ओल्या पावलांनी यशवंत आला, डिकॉस्टाच्या खांद्यावर हात ठेवला, "मला यानं ढकललं" म्हणाला. टाळ्या वाजायला लागल्या.

"थांबा," प्रेमराजभाऊ म्हणाले. "टाळ्या नको. हे मी लिहिलंय. शर्वरी मीच. आणि हे खोटं आहे."

त्यांनी सांगितलं. भावाचं नाव घेतलं, गफूर शेख हे नाव घेतलं आणि पहिल्या रांगेकडे हात केला. मग चाचांनी नको म्हटलेलं होतं तेही सांगितलं. "माझा भाऊ पिऊन चढला होता. यांनी ते लपवलं, म्हणून माझी चूल पेटली. माझं काय व्हायचं ते होवो. झुलालला कोणी ढकललं नाही. तो पडला, आणि त्याला काढायला हे खाली उतरले."

खाली बसताना त्यांची खुर्ची जरा सरकली. मी धरली.

नवलभाऊंनी आभाराचा कागद उलटा धरला होता. तेवढ्यात ताईबाईंनी खणखणीत विचारलं, "म्हणजे यात खून नाहीच?"

"नाही, ताईबाई," मी म्हटलं.

"मग डोक्याला ताप कशाला दिला एवढा!"

अफरीनला हसू फुटलं. तिने तोंडावर ओढणी धरली, पण ते थांबेना, आणि हसता हसता ती रडायला लागली. चाचा तिच्या पाठीवर हात ठेवून समोर बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही.

चहा झाला, लोक पांगले. अफरीन मैत्रिणींबरोबर गेली. मी खुर्च्या मोजत होते, कारण मंडपवाल्याच्या माणसाने दोन जास्त आणल्या म्हणून माझ्याशी वाद घातला होता. फाटकाशी प्रेमराजभाऊ आपली स्कूटर काढत होते. गफूरचाचा रिक्षाची वाट बघत उभे होते. दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर. दोन रिक्षा गेल्या, चाचांनी हात केला नाही.

मग तेच लंगडत पुढे गेले.

"चाल रे," ते म्हणाले, "माले घर सोडी दे."

प्रेमराजभाऊंनी रुमालाने मागची सीट पुसली. चाचा पाय उचलून बसेपर्यंत त्यांनी स्कूटर दोन्ही पायांनी घट्ट धरून ठेवली. किक मारली, आणि मग तसेच थांबले. एकाच गावात एवढी वर्षं काढली, पण त्यांना घर माहीत नव्हतं.

"कोणत्या बाजूनं?"

"सरळ घे," चाचा म्हणाले. "पुढे सांगतो."